सोळाला दहा: गावचं घर माइनक्राफ्टमध्ये, कामाच्या नोंदी

७ जून २०२५, शनिवार

दिवाळीनंतर गावच्या घराची कौलं उतरवून पत्रा घालायचं नक्की झालं. वानरं दरवर्षी कौलं फोडतात, चाळायला माणूस मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी चिंचवडला बसून मी काय सांगणार! म्हणून हा उद्योग. फोटो भरपूर आहेत, पण फोटोत माजघरातून पडवीत चालत जाता येत नाही.

खेळ माइनक्राफ्ट, ब्लॉक म्हणजे चौकोनी ठोकळे रचून जग उभारायचा. जावा (संगणकावरची) आवृत्ती, १.२१. प्रमाण एकास एक, म्हणजे एक ब्लॉक एक मीटरचा. ब्लॉकच्या कडेवर १६ पिक्सेल, म्हणून एक पिक्सेल सव्वासहा सेंटिमीटरचा. आत्याला मापं घ्यायला सांगितलंय. ती सुतारासारखी इंच आणि सूत यांत लिहून पाठवते, आठ सुतांचा एक इंच. खेळाचा एक पिक्सेल तिच्या जवळजवळ वीस सुतांएवढा भरतो. इथूनच भांडण सुरू होणार हे दिसतंय.

८ जून, रविवार

चौथरा आणि भिंती झाल्या. जांभ्यासाठी टेराकोटा आणि ग्रॅनाइट मिसळून लावले. लांबून खपतं. जमिनीला पॅक्ड मड, सारवल्यासारखं दिसतं.

दिवसातलं सगळ्यात चांगलं काम माजघराच्या दाराचं. आत्याचं माप: उंबरठ्याच्या डोक्यापासून वरच्या चौकटीपर्यंत पाच फूट चार इंच. खेळातलं दार दोन मीटरचं, सरळ ताठ मानेने जाता येतं. आमच्या दारातून असं कुणी गेलेलं नाही, जो गेला त्याला टेंगूळ आलं. मग दाराच्या जागी नुसती दोन ब्लॉकची मोकळी फट ठेवली. खाली एक ट्रॅपडोर (पातळ झडपेसारखा ब्लॉक) आडवा, हा उंबरठा. वर एक ट्रॅपडोर छताला लावून, ही चौकट. ट्रॅपडोरची जाडी तीन पिक्सेल. ३२ पिक्सेलमधून सहा गेले, उरले २६, म्हणजे १६२.५ सेंटिमीटर. पाच फूट चार इंच म्हणजे १६२.५६. अर्ध्या सुताइतकीसुद्धा चूक नाही!

आणि खरी गंमत पुढे. खेळातला माणूस १.८ मीटर उंच आणि शिफ्ट दाबून वाकला की १.५. त्यामुळे या दारात तो अडतो, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. पाचसहा वेळा उगीच आतबाहेर केलं.

१४ जून, शनिवार

ब्लॉकच्या चौकोनी जाळीत बसणारं सगळं आज संपलं. राहिलं ते सगळं जाळीत न बसणारं: वासे, रिपा, झोपाळा, खुंट्या, तुळशीपुढची पणती.

पूर्वी यासाठी आर्मर स्टँड वापरायचो. अदृश्य पुतळा उभा करायचा, त्याच्या डोक्यावर ब्लॉक ठेवायचा आणि मान वाकडी करायची. चालायचं, पण सगळा जुगाडच. मार्च २०२३ मध्ये १.१९.४ आवृत्तीत ब्लॉक डिस्प्ले आले तेव्हापासून ती कसरत संपली. कुठलाही ब्लॉक घ्या, कुठल्याही दशांश स्थानावर ठेवा, हव्या त्या कोनात फिरवा, हवा तितका ताणा किंवा दाबा. फक्त हाताने लावता येत नाही, कमांड लिहावी लागते.

पहिला तुकडा लावला तो अर्धा ब्लॉक बाजूला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तासभर गेला. कारण असं की कमांडमध्ये एक्स आणि झेड (जागेचे दोन आडवे आकडे; उंचीचा तो वाय) पूर्णांकात लिहिले, तर खेळ आपणहून त्यात अर्धा मिळवतो. ब्लॉकच्या मधोमध उभं करायचं असेल असं तो गृहीत धरतो. माणूस किंवा गाय उभी करताना हे सोयीचं. पण ब्लॉक डिस्प्लेचा शून्यबिंदू मध्यावर नसतो, कोपऱ्यात असतो. १०० ऐवजी १००.० लिहिलं की तुकडा जागेवर बसतो. वाय मात्र जसा लिहू तसाच राहतो, म्हणून उंची बरोबर आणि बाकी चूक असं दिसत होतं.

१५ जून, रविवार

वासा फिरवला तर तो चौकोनी राहिना, पतंगासारखा तिरका झाला. फिरवण्यासाठी दोन जागा आहेत, डावं फिरवणं आणि उजवं फिरवणं. उजवं आधी होतं, मग ताणणं, मग डावं, शेवटी सरकवणं. मी कोन उजव्यात लिहिला होता. तिरक्या ब्लॉकला एकाच बाजूने ताणलं तर तो फेंगडणारच. डाव्यात लिहिला, सरळ झाला.

२१ जून, शनिवार

पाख्याचा उतार. आत्याने ओळंबा आणि पट्टी घेऊन मोजलं आणि फोनवर सांगितलं, "सोळाला दहा." सोळा इंच आडवं गेलं की दहा इंच वर. कोन काढला तर ३२.००५ अंश. सुताराने अंश बघितलेही नसतील, पण उतार किती स्वच्छ आलाय.

खेळाच्या पायऱ्यांनी छप्पर केलं तर उतार ४५ अंशांचा, स्लॅबने, म्हणजे अर्ध्या उंचीच्या ब्लॉकने केलं तर साडेसव्वीस. आमचं घर दोन्हींच्या मधे कुठेतरी, म्हणजे दोन्हींनी ते आमचं दिसत नाही. इथे डिस्प्लेच हवेत.

वासा वीस फुटाला चार बोटं कमी, म्हणून सहा मीटर धरला. कोपऱ्यातल्या शून्यबिंदूचा इथे फायदाच झाला. वाशाचं खालचं टोक भिंतीवरच्या लाकडावर टेकवायचं आणि तिथूनच तो वर उचलायचा. कोन लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत, एक चार आकड्यांची आणि एक अक्ष व कोन अशी सरळ. सरळ पद्धत घेतली. अक्ष लिहिला, कोन ३२.

लागला. सुंदर लागला. रात्री दीडपर्यंत पुढच्या पाख्याचे सगळे वासे लावले.

२८ जून, शनिवार

मागचं पाखंही झालं, आणि आढ्याजवळ घोळ. दोन्हीकडचे वासे एकमेकांना भिडायला हवे होते, ते चार-चार बोटं अलीकडेच थांबले. शिवाय वरची टोकं आढ्यापेक्षा अर्ध्या वितीहून थोडी जास्त उंच. म्हणजे आडव्यात कमी आणि उभ्यात जास्त.

आत्याला फोन केला. उतार पुन्हा मोजशील का म्हणून विचारलं. बाहेर धो धो पाऊस. ती म्हणाली, "अरे, मी मापलंय ते बरोबर आहे. तुझं तपास." मी ऑफिसात दिवसभर घरांचे नकाशे काढतो, त्यामुळे हे जरा लागलं. तरी वाटलं, बाई सत्तरीच्या आहेत, पट्टी हलली असेल.

५ जुलै, शनिवार

पट्टी हलली नव्हती.

आज पडवीच्या खांबांना तिरपे टेकू लावायला घेतले, खांबापासून तुळईपर्यंत, ४५ अंशांत. कोनाच्या जागी ४५ लिहिले. टेकू भलताच उभा राहिला. मोजून बघितलं तर ५८ अंश. आता ४५ चे ५८ कसे होतील?

कोन अंशांत लिहायचाच नसतो, रेडियनमध्ये लिहायचा असतो. एक रेडियन म्हणजे साधारण ५७.३ अंश. आर्मर स्टँडची मान अंशांत फिरवायची सवय बोटांत बसलेली, तीच इथे चालवली. ४५ रेडियन म्हणजे सात पूर्ण फेऱ्या आणि वर ५८.३ अंश. आणि ३२? पाच फेऱ्या पूर्ण होतात आणि वर उरतात ३३.४६ अंश. हव्या असलेल्या कोनापासून दीड अंश दूर! वासा माझ्यापुढे पाच गिरक्या घेऊन जवळपास बरोबर जागी येऊन बसला होता, आणि मी त्याला सुंदर म्हटलं. उतार ३० अंशांचा असता तर ३० रेडियनने वासा जवळजवळ पाच फेऱ्या मारून २७९ अंशांवर, म्हणजे सरळ जमिनीकडे गेला असता आणि चूक पहिल्याच मिनिटाला कळली असती. दीड अंश सहा मीटरवर दिसत नाही, वर जाऊन भेट होत नाही तेव्हाच दिसतो.

हिशेब जुळवून बघितला: आडव्यात ८ सेंटिमीटर कमी, उभ्यात १३ जास्त. चार बोटं, आणि अर्ध्या वितीहून थोडं जास्त. बरोबर.

आत्याला फोन करून कबूल केलं. रेडियन काय ते सांगायच्या भानगडीत पडलो नाही. "मग मी काय म्हटलं होतं?" एवढंच म्हणाली.

६ जुलै, रविवार

आषाढी. सकाळी खिचडी खाऊन बसलो. सगळे वासे पुसून ०.५५८६ ने नव्याने लावले. आढ्याला भिडले.

पुसताना एक अपघात. डिस्प्ले हाताने फोडता येत नाही, त्याला धरायला अंगच नाही. तो कमांडनेच जातो. म्हणून प्रत्येक तुकड्याला खूणचिठ्ठी लावायची, 'वासा-पुढचा', 'वासा-मागचा' अशी, आणि त्या नावाचे सगळे उडवायचे. मी घाईत चिठ्ठीचं नाव न लिहिता कमांड दिली. वासे गेले, झोपाळा गेला, गोठ्यातली गाय गेली आणि मीही गेलो. शुक्रवारची प्रत होती म्हणून वाचलो. आता दर दोन तासांनी जगाच्या फोल्डरची प्रत काढतो.

१२ जुलै, शनिवार

दोन बारीक गोष्टी, पण दोन्हींनी वेळ खाल्ला.

एक, सहा मीटरचा अख्खा वासा एका ब्लॉकमधून ताणला की लाकडाच्या रेषाही सहापट ताणल्या जातात. लाकूड न वाटता चिक्कीचा पाक ओढल्यासारखं दिसतं. म्हणून एका वाशाचे एक-एक मीटरचे सहा तुकडे केले. तुकडे सहापट झाले. लॅपटॉपचा पंखा आता ऐकू येतो.

दोन, काही वाशांची खालची टोकं काळीकुट्ट. डिस्प्लेवर उजेड किती पडायचा हे त्याचा मूळ बिंदू जिथे असेल तिथल्या उजेडावरून ठरतं. माझे बिंदू भिंतीच्या आत होते आणि भिंतीच्या पोटात अंधारच. मूळ बिंदू खोलीत, उजेडात ठेवायचा आणि दिसणारा तुकडा तिथून भिंतीत सरकवायचा. उजेड हाताने ठरवून देण्याचीही सोय आहे, पण तसं केलं तर रात्री कंदील विझवल्यावरही वासे लख्ख दिसत राहतात. ते नको.

२० जुलै, रविवार

गजांची खिडकी. कुंपणाचे खांब गज म्हणून वापरले, पण शेजारी ठेवले की ते एकमेकांचे हात धरतात. डीबग स्टिक घेऊन प्रत्येकाचे हात सोडवले. ही काठी खेळात कुठे सापडत नाही, कमांडनेच मिळते, आणि ब्लॉकची आतली स्थिती एकेक करून बदलते. झकास झाली खिडकी. मग खिडकीच्या बाजूचा, गजाला लागून असलेला एक दगड बदलला, तर शेजारच्यांना जाग येऊन त्यांनी पुन्हा हात धरले. तेव्हा काठी नेहमी सगळ्यात शेवटी फिरवायची.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. ताई आणि भाचा आले. भाच्याला मोठ्या हौसेने दाखवलं. त्याला स्वतःच्या मोबाइलवर हवं होतं. जग बदलून त्याच्या फोनवर नेलं. तो आत शिरला आणि म्हणाला, "मामा, छप्पर कुठाय?"

छप्पर नव्हतंच. मोबाइलवरची बेडरॉक आवृत्ती वेगळी, तिच्यात डिस्प्ले हा प्रकारच नाही. भिंती, चौथरा, वाकायचं दार हे सगळं होतं, आणि वर मोकळं आभाळ. पडक्या वाड्यासारखं. तो मात्र खुशीत होता, दारातून वाकून वाकून जात होता.

जाताना विचारत होता, बाणांनी का नाही करत? म्हणजे ॲक्सिअम मॉड, खेळाला बाहेरून लावायची जोड. त्यात डिस्प्लेवर तीन रंगांचे बाण येतात, ते धरून ओढायचं, गोल धरून फिरवायचं. मी वापरतो, पण छपराला नाही. डोळ्याने ओढलेला वासा डोळ्याला बरोबर दिसतो आणि दीड अंश चुकतो, हे मी आकडे लिहूनसुद्धा करून दाखवलंय. फडताळातली भांडी, पाट, सुपं, कोनाड्यातली चिमणी यांना बाण उत्तम. भांडं कोणी आकड्याने ठेवत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

झोपाळा. कड्या दोन मीटरच्या, तेव्हा एक पूर्ण झोका २.८४ सेकंदांचा यायला हवा. खेळ सेकंदाला २० ठोके मोजतो, म्हणजे ५७ ठोके. डिस्प्लेला एका कोनातून दुसऱ्या कोनात इतक्या ठोक्यांत जा असं सांगता येतं. सांगितलं. झोपाळा गेला आणि आला, पण एकाच वेगाने. टोकाला पोचला की भिंतीवर आपटल्यासारखा उलटा फिरायचा. झोका टोकाला थांबतो, तिथे पोटात गोळा येतो, तोच नव्हता. प्रत्येक झोक्याचे आठ तुकडे केले, टोकाजवळ कमी कोन आणि मध्याला जास्त. आता ठीक.

बसायला गेलो तर फळी हलते आणि मी हवेत स्थिर. सरकवणं-फिरवणं फक्त दिसण्यापुरतं असतं, बसलेला माणूस मूळ बिंदूला चिकटून राहतो. हे सोडून दिलं. झोपाळा रिकामाच हलू दे.

२८ ऑगस्ट, गुरुवार, गावी

काल गणपती आले. आज दुपारी सगळे पडल्यावर पट्टी घेऊन फिरलो. बहुतेक मापं जुळली. मग अंगणात, पार खाली कुंपणाशी जाऊन छप्पर बघितलं, आणि आढं सरळ नाही हे पहिल्यांदा कळलं. मधे बाक आलाय. दोरी लावून काकाला वर चढवला, शिडीवरून त्याने मोजलं तर मध्यावर दोन इंच. चाळीस वर्षं हेच छप्पर बघतोय. माझ्या जगात मी ते ताणलेल्या तारेसारखं केलंय, आणि म्हणूनच ते दुसऱ्याच कुणाचं तरी घर वाटत होतं. बोट कुठे ठेवायचं ते इतके दिवस कळत नव्हतं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

संध्याकाळी आरतीनंतर आत्याला लॅपटॉपसमोर बसवलं. कसं चालायचं ते दाखवलं. ती अंगणातून ओटीवर आली, ओटीवरून माजघराच्या दाराशी येऊन अडकली.

"जात नाही रे."

"शिफ्ट दाब, आत्या. हे बटण."

"त्याने काय होतं?"

"वाकतो तो."

तिने शिफ्ट दाबलं आणि खुर्चीत स्वतःची मानही वाकवली. आत गेल्यावर सरळ झाली.

मग पाच मिनिटं काही बोलली नाही. माजघरात फिरली, देवघरापाशी थांबली, परत पडवीत आली. मी वाट बघत होतो, छपराबद्दल काहीतरी म्हणेल. ती खांबापाशी थांबली आणि म्हणाली, "ही खुंटी अशी नाहीये."

खुंटी मी भिंतीशी काटकोनात लावली होती, पडवीतल्या बाकीच्या सगळ्या खुंट्यांसारखी. ती उठली, मला खऱ्या पडवीत घेऊन गेली आणि बॅटरी मारून दाखवली. खांबावरची तेवढी एकच खुंटी वर कललेली. "बाबांची छत्री घसरून पडायची. मग त्यांनी सुताराकडून ही तिरकी बसवून घेतली." मी माप घेतलं. पुढचं टोक मागच्यापेक्षा सहा सूत वर, खुंटी तीन इंचांची. जवळजवळ १५ अंश.

६ सप्टेंबर, शनिवार, चिंचवड

आढ्याला बाक दिला. लांबी नऊ मीटर, म्हणून एक-एक मीटरचे नऊ तुकडे. मधला ५ सेंटिमीटर खाली, त्याच्या दोन्ही शेजारचे ४.८, मग ४, मग २.८, आणि टोकाचे १. आढं खाली गेलं की वासेही कलतात. मधल्या वाशाचा कोन ३२ वरून साडेएकतीसच्याही जरा खाली. प्रत्येक वाशाचा कोन वेगळा काढला आणि प्रत्येक कोन दोनदा रेडियनमध्ये तपासला. कौलांची पातळ पत्तीही तुकड्या-तुकड्याने खाली घेतली. जिथे दोन पत्त्या एकाच पातळीत आल्या तिथे चित्र लुकलुकायला लागलं, तिथे एकीला ब्लॉकच्या हजाराव्या भागाने वर उचललं. आत्याच्या भाषेत हे सुताचा तिसरा हिस्सासुद्धा होत नाही, पण लुकलुकणं थांबलं.

कुंपणाशी जाऊन बघितलं. हो.

७ सप्टेंबर, रविवार

खुंटी: अक्ष आडवा, कोन ०.२६१८. वर कलली. छत्री अजून करायची आहे. काळं कापड म्हणून काळी लोकर चालेल, मूठ वाकडी हवी.